वर्षभर चालणारी डबी

सकाळी दहाला साहेबांनी डबीत सेल घातले, झाकण कायमचं चिकटवलं आणि हात झटकत ते निघून गेले. पाच मिनिटांनी बारक्याने डबी उचलली तर ती चांगलीच गरम लागली.

चाळिशी उलटली तरी कारखान्यात सगळे त्याला बारक्याच म्हणत. बॉयलरच्या नळीला टेकवली की तिची जाडी सांगणारी ही डबी त्यानेच बनवलेली. सेल वर्षभर टिकणार, मग बंद करायचं बटण कशाला, हा साहेबांचा हट्ट. आज बॉयलर कंपनीच्या बाई पाहायला येणार होत्या, आणि डबी फसली तर उद्यापासून येऊ नका, असं साहेबांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

तो धावत स्टोअरमध्ये गेला. "काका, डबीतल्या चिपा, त्या आयसी, कुठल्या दिल्या होत्या?"

"तू मागितलेल्या नंबराच्याच," स्टोअरचे काका चष्मा पुसत म्हणाले. "मधली अक्षरं तेवढी वेगळी. जरा जलद असतात म्हणे. म्हटलं, बरंच की."

बारक्याने मागितल्या होत्या त्या रमतगमत चालणाऱ्या, पण मुंगीएवढी वीज खाणाऱ्या. काकांनी दिल्या त्या वाऱ्यासारख्या पळणाऱ्या, आणि खाण्यात बकासुर. आधीच्या डबीत शेवटचा आकडा डुगडुगायचा, या वेळी तो स्थिर राहिला, तेव्हा त्याचं श्रेय बारक्याने बिनदिक्कत स्वतःकडे घेतलं होतं. चाचणी भिंतीतल्या विजेवर झाली, त्यामुळे भूक कोणाला दिसली नाही.

हिशेबाने सेल अकराला संपणार. बाई साडेदहाला येणार, आणि साहेबांचं प्रास्ताविक आजवर चाळीस मिनिटांच्या आत आटोपलेलं नव्हतं.

अकराला दहा मिनिटं कमी होती तेव्हा बाईंपुढे साहेबांचं भाषण अजून कारखान्याच्या पायाभरणीपाशीच होतं. डबीवरचे आकडे फिके पडू लागले. साहेबांपुढे जन्मात तोंड न उघडलेला बारक्या उठून उभा राहिला.

"साहेब, आधी बाईंना डबी बघू द्या."

साहेबांनी डोळे वटारले, पण बाईंनी सुटका झाल्यागत डबी उचलून नळीला टेकवली. आकडा क्षणात आला आणि जागचा हलला नाही. बाईंनी आपल्या मापाशी ताडून पाहिला, तंतोतंत जुळला. मग त्यांनी आणखी चार नळ्या मोजल्या. बारक्या सेकंद मोजत होता. बाई शेवटचं माप वहीत लिहायला वळल्या आणि आकडे विझले. त्याने डबी हळूच खिशात घातली.

"इतकं चटकन आणि अचूक मोजणारी डबी मी पाहिली नव्हती," बाई म्हणाल्या. "शंभर द्या. मात्र आत काही बदलायचं नाही, अगदी हीच हवी. आणि सेल?"

"वर्षभर," साहेब छाती फुगवून म्हणाले. "विचारा आमच्या बारक्याला."

खिशातली डबी अजून मांडीला चटके देत होती. बारक्याने मान डोलावली. नोकरी वाचली होती. आता ती करायची होती.