वेड्या गाईंची पाळत आणि माणिकराव बैलाची हकीकत

श्रीगणेशास नमन, नंदीस नमन, आणि गोठ्यांत जें जें रवंथ करितें त्या सर्वांस नमन करून लिहिणें ऐसें जे, शके एकोणीसशें तेवीस, वृषनाम संवत्सरीं, श्रावणमासीं, एका राज्यीं मोठी धांदल उडाली. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण तेथील मंडळी या गोष्टीवरून अद्याप फुरंगटलेली आहेत. वर्तमान आलें कीं, समुद्रापलीकडे गाईंस वेड लागलें, चालतां झोकांड्या जातात, आवाजास दचकतात, धार काढूं जातां लाथा झाडितात, आणि मग बसतात त्या उठत नाहींत. आणि ऐशा गुरांचें मांस खाऊन माणसेंही गेलीं. कारण काय, तर मेल्या गुरांच्या हाडामांसाची भुकटी करून जित्या गुरांस खुराक म्हणून चारिली. दरबारानें शिव शिव म्हटलें, आणि विडे वांटिले.

महाराज दयाळू, परंतु हौशी. त्यांचा मानाचा बैल माणिकराव नामें होता, पांढरा शुभ्र, शिंगांस सोन्याच्या शेंब्या. माणिकराव सकाळीं उठत, मग खुराक घेत, मग महाराज त्यांची पाठ खाजवीत, आणि मग राज्याचा कारभार सुरू होई. खुराक तो एका परदेशी सौदागरानें कित्येक सालांमागें नजर केला होता, आणि पुढेंही पोतीं धाडीत असे. त्यांत काय आहे हें कोणीं पुसिलें नाहीं. नजराण्याची चौकशी करणें त्या दरबारीं असभ्य मानीत.

मग महाराजांनीं पशुवैद्य नरसोपंतांस बोलाविलें आणि फर्माविलें, "राज्यांतील गुरांवर पाळत ठेवा. हा रोग जिवंतपणीं पुरता ओळखूं येत नाहीं म्हणतात, तरी ज्याचा संशय येईल त्याचें डोकें उतरवून मेंदू भिंगाखालीं पाहा. एका गाईसाठीं राज्य धोक्यांत घालणें नाहीं." नरसोपंत विद्वान गृहस्थ, परंतु सरकारी स्वारी म्हणजे वाजतगाजत जावी ऐसा त्यांचा बाणा. पुढें तुतारी, मागें ताशा, मध्यें पंत सरकारी जीपमध्यें उभे, आणि ऐसे गांवोगांव जाऊन गुरें दचकतात कीं काय तें पाहूं लागले. गुरें दचकलीं. जेथें जेथें तुतारी वाजली तेथें तेथें गुरांनीं दावीं तोडिलीं, आणि पंत मान डोलवून म्हणत, "लक्षणें दिसतात."

ऐसें करितां श्रावण वद्य चतुर्दशीस, पोळ्याचे आदले दिवशीं, स्वारी कोंडाबाईच्या अंगणीं आली. बाई एकटी, आणि दारीं पाखरी म्हणून एक तांबडी गाय. तिच्याच दुधावर तिचा चरितार्थ, आणि बोलायाला घरांत दुसरें कोणी नाहीं. पंत पाखरीच्या मागें उभे राहिले, ताशा कडाडला, आणि पाखरीनें ऐसी लाथ मारिली कीं पंत पागोट्यासकट उकिरड्यांत विराजमान जाहले. ताशेवाले हंसले, मग हंसलों नाहीं म्हणाले. पंतांनीं उठून, शेण निपटून, हुकूम केला कीं ही गाय निःसंशय वेडी, इच्या शिंगांस हिंगुळाची तांबडी खूण करा आणि आत्तांच न्या.

कोंडाबाई आडवी जाहली. म्हणाली, "पंत, न्यायची तर न्याल. पर म्या आत्ताच तिचा खांदा मळून तिला आवतण दिलंय, आज आवतण घ्या, उद्या जेवाया या. आवतण दिलेला जीव उपाशी धाडू व्हय?" पोळ्याचें आवतण मोडणें हें त्या राज्यीं राजद्रोहाहून वाईट. पंतांनीं एक दिवस दिला, खूण केली, आणि स्नानास गेले. परंतु पोळ्यास तेथें बैलच नव्हे, गाईवासरांचींही शिंगें रंगवितात, आणि रंग तो हिंगुळाचाच, हें पंतांच्या ध्यानांत राहिलें नाहीं.

पोळ्याचे दुसरे दिवशीं पंत आले तों राज्यांतील झाडून सारीं गुरें तांबड्या शिंगांचीं, आणि पाखरी दारीं नसून गांवच्या कळपांत चरावयास गेलेली. पंतांनीं पुसिलें, "यांत ती कोणती?" गांवकरी म्हणाले, "तुम्हीच वळखा." पंतांनीं पाखरीचा खूर तेवढा जवळून पाहिला होता. मग मामला महाराजांपुढें गेला. पंत म्हणाले, सगळींच डोकीं उतरवावीं. महाराज म्हणाले, "मग उद्यां आमच्या चहांत काय घालाल?" आणि निवाडा दिला कीं, पाळत नव्यानें ठेवावी, वाजंत्री बंद, अनवाणी जावें, दूर बसून निमूट पाहावें, आणि राज्यांतील समस्त गुरें पाहावीं. कोंडाबाई मागून म्हणाली, "समस्त म्हंजी तुमचीबी का, महाराज?" महाराज हंसून म्हणाले, "आमचीही."

मग पंत निमूट बसूं लागले. जन्मांत प्रथमच गाय पाहिली. पाखरी सरळ चाले, शांत रवंथ करी, कोंडाबाईच्या हातीं धार देई, आणि ताशा नसतां कोणास लाथ मारीत नसे. सबब तिचें नांव संशयांतून काढिलें. आणि मग राजवाड्याचा गोठा आला. तेथें माणिकराव उभे होते, आणि कोठें टांचणी पडली तरी शहारत होते, आणि चार पावलें टाकितां मागले पाय लटपटत होते. गोठेवाले जाणून होते, परंतु मानाच्या बैलाविषयीं वाईट बोलण्याची तेथें चाल नव्हती. पंतांनीं खुराकाचें पोतें उघडून भुकटी हातांत घेतली, हुंगिली, तों हाडांचा वास आला. मग महाराजांस खरें तें सांगितलें. त्यास धाडस लागलें, ही गोष्ट पंतांच्या बाजूनें नमूद करितों.

महाराजांनीं माणिकरावांची पाठ खाजविली. मग म्हणाले, "पुढल्या पोळ्यापर्यंत ठेवूं. थकला असेल. उन्हाळा कडक होता." कोंडाबाई गोठ्याच्या दाराशीं उभी होती. शब्द पाळितात कीं नाहीं हें पाहण्यास आली होती, आणि पाहून तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "महाराज, माझ्या पाखरीला तुमच्या राज्यानं एक दिस दिला. तुमीबी तेवढाच घ्या."

महाराजांनीं तेवढाच घेतला. सायंकाळीं स्वहस्तें माणिकरावांचा खांदा हळद-तुपानें मळिला, आणि कानाशीं लागून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्यां जेवायला या." दुसरे दिवशीं पुरणपोळी चारिली, माणिकरावांनीं अर्धी खाल्ली, अर्धी तोंडांतून पडली. मग महाराजांनीं शेंब्या उतरविल्या, दावें पंतांच्या हातीं दिलें, आणि पाठ फिरवून उभे राहिले. भिंगाखालीं रोग निघाला. पोतीं जाळिलीं. सौदागरास सीमा बंद जाहली. रोग दुसऱ्या कोणा गुरास निघाला नाहीं, कारण ऐसा बहुमान दुसऱ्या कोणास मिळालाच नव्हता.

सारांश, राज्य वांचलें. तेव्हांपासून तेथें पाळतीस जाणारा अनवाणी जातो आणि आरंभ राजवाड्यापासून करितो. आणि जें जनावर परीक्षेस न्यावयाचें त्यास आदले दिवशीं आवतण देतात. पाखरी पुढें दोनदां व्याली. तिचा पहिला गोऱ्हा पांढरा निघाला, तो कोंडाबाईनें महाराजांस नेऊन दिला, आणि महाराजांनीं प्रथम पुसिलें तें हें कीं, हा खातो काय. बाई म्हणाली, "गवत."