नाव घेताना आडवा आला यल्लाप्पा

माझी जीभ आजवर कधी अडली नाही! निपाणीच्या शाळेत वक्तृत्वाचे सगळे कप मीच पळवले. लग्न होऊन बेंगळुरात आले, तर सहा महिन्यांत बनशंकरीच्या देवळाबाहेरच्या भाजीवाल्यांशी कन्नडमधून भांडायला लागले. शब्दासाठी मी थांबलेय, असं कुणी पाहिलेलं नाही.

आमच्या ह्यांचं मात्र उलटं झालं. दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा हलकासा झटका आला. हातपाय सुधारले, डोकं तल्लख राहिलं, पण बोलताना शब्द अडकायला लागले. चष्मा समोर दिसतोय, तो कशाला लागतो तेही ठाऊक आहे, पण नाव काही येत नाही! “ते... ते... डोळ्यांचं...” एवढं ऐकलं की मी स्वयंपाकघरातून धावत, “चष्मा! हा घ्या!” बँकेत रोज शंभर माणसांशी बोललेला हा माणूस पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायला लागला. माझ्या जिवाला फार लागायचं ते.

दर गुरुवारी रम्या नावाची स्पीच थेरपिस्ट घरी यायची. वयानं आमच्या लेकीएवढी, श्रीविद्याएवढी, पण एकदा तिनं मलाच झापलं. “आंटी, शब्द कुठे गेलेला नसतो. अंकलना अर्थ सापडतो, त्याचा उच्चार सापडायला वेळ लागतो. तुम्ही शब्द दिलात की शोधणंच थांबतं. स्वल्प थांबा! अगदीच अडलं तर पहिलं अक्षर द्या.”

“सरी, सरी, बरं बाई,” म्हणाले मी. आणि दुसऱ्याच मिनिटाला ह्यांना ‘रिमोट’ पुरवला!

अशात श्रीविद्याचा साखरपुडा ठरला, आमच्या घरीच. ह्यांनी जाहीर केलं, “स्वागत... मी... करणार!” वाक्य एकच: “आमच्या घरी तुमचं मनापासून स्वागत.” पंधरा दिवस बाथरूममध्ये नळ सोडून सराव चालला होता. माझं काम फक्त गप्प बसायचं.

“जमेल ना, आई?” श्रीविद्यानं विचारलं.

“न जमायला काय झालं!”

साखरपुड्याच्या दिवशी सकाळपासून मी आमच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला, यल्लाप्पाला, कामाला जुंपलं होतं. “यल्लाप्पा, हार! यल्लाप्पा, खुर्च्या! यल्लाप्पा, बर्फ!” दिवसभर तोंडात दुसरं नावच नव्हतं.

बेळगावहून विहीणबाई मालनबाई आणि त्यांची मंडळी आली. हे उभे राहिले. कोट घातला होता, फार छान दिसत होते.

“आमच्या...”

सगळे बघताहेत.

“आमच्या...”

मी मनात तीनपर्यंत मोजलं. चार काही मोजवेना! “घरी! आमच्या घरी तुमचं स्वागत, असं म्हणताहेत हे!”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर परवडलं असतं. पण हे वळले आणि आतल्या खोलीच्या पडद्यामागे गेले. लेकीचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालनबाई समजूतदार. वेळ सावरायला म्हणाल्या, “चला विहीणबाई, नाव घ्या बघू! त्याशिवाय आम्ही पेढ्याला हात लावणार नाही!”

हे तर माझं राखीव कुरण! पदर सावरून उभी राहिले.

“बनशंकरीच्या दारी लावले लिंबाचे दिवे...”

आणि थांबले. नाव येईना! ह्यांचं नाव! एकतीस वर्षं ज्याला ‘अहो’ म्हटलं, परक्यांसमोर ‘हे’ आणि डॉक्टरांकडे ‘आमचे मिस्टर’, त्याचं नाव तोंडात येणार कुठून? चहात साखर किती लागते ते माहीत, झोपेत कुठल्या कुशीवर वळतात ते माहीत, नाव गायब! लांबलचक आहे, देवाचं आहे... आणि काही कळायच्या आत तोंडातून गेलं,

“यल्लाप्पारावांच्या...”

“बंदे, अक्का! आलो!” आणि खांद्यावर बर्फाची लादी घेऊन यल्लाप्पा दारात हजर!

मालनबाईंच्या हातातली ताटली कलली. नवऱ्या मुलाच्या काकांनी चष्मा पुसून यल्लाप्पाला पुन्हा नीट पाहिलं. 

“अहो नाही! हे ते नव्हेत! ते म्हणजे... हे... म्हणजे आमचे...” जितकं शोधावं तितका यल्लाप्पाच आडवा येत होता! घामानं निथळले. श्रीविद्या पुढे सरसावली, “आई, अगं बाबांचं नाव...”

“थांब!”

पडदा सरकवून हे बाहेर आले होते. “तिला... सापडू दे.”

हे सावकाश माझ्यासमोर आले. घाई नाही, कीव नाही. रम्या ह्यांच्याकडे बघते तसं माझ्याकडे बघितलं आणि जीभ दाताला लावून म्हणाले, “त्रि...”

“त्रिविक्रमरावांच्या साथीनं दिवस येवोत नवे!” मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की यल्लाप्पा दचकला आणि लादी फरशीवर पडून तिचे चार तुकडे झाले!

हशा पिकला. सगळ्यांत जास्त हेच हसले. हसता हसता मालनबाईंकडे वळले.

“आमच्या...”

माझं तोंड उघडलं. मी त्यात अख्खा पेढा कोंबला.

“...घरी... तुमचं... मनापासून स्वागत!”

पेढा तोंडात, डोळ्यांत पाणी, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी सर्वांत पुढे!

आता हे पाहुण्यांत बसतात. मालनबाई फोन करतात तेव्हा आधी विचारतात, “यल्लाप्पाराव बरे आहेत ना?” आणि मीही थांबायला शिकले. मिनिटभर थांबल्यानं काय सांडतं, सांगा?

काल सकाळी ओट्याकडे पाठ करून कोथिंबीर निवडत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, “अगं... दू... दू...”

मला रम्या आठवली. ओठ घट्ट मिटून, ह्यांच्याकडे हसून बघत बसले. खुशाल वेळ घ्या, म्हटलं मनात.

“दू... दूध! दूध उतू... गेलं!”

दीड लिटर होतं. सगळं ओट्यावर. पण शब्द ह्यांनी एकट्यानं आणला हो!