माई, माई आणि माई

तीन भावंडांतल्या मधल्यांचं ठाम मत होतं, की जगात चुका होतात त्या माणसांना नीट सांगता येत नाही म्हणून. "आपण स्वच्छ सांगितलं की समोरचा चुकूच शकत नाही," असं ते चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ऐकवत. त्यांना अधिकारही होता म्हणा. नोकरी वजन-मापं तपासायच्या खात्यात. दुकानदाराचा तराजू केसभर झुकला तरी यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचा. स्वतःच्या घराचे पोपडे मात्र डोक्यावर पडले तरी दिसत नव्हते, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

एका सकाळी असाच एक पोपडा सुटला आणि थेट दुधाच्या पातेल्यात पडला. काकूंनी, म्हणजे मधल्यांच्या बायकोनं, गॅस बंद केला, पातेलं मोरीत ओतलं आणि बॅग भरायला घेतली.

"मी बहिणीकडे चालले. घराला रंग लागला की कळवा. त्याआधी न्यायला आलात तर तिच्या दारातूनच परत पाठवीन."

"अगं, पण इतकी वर्षं चाललंच ना?"

"तेच म्हणतेय मी. इतकी वर्षं चाललं."

काकू गेल्या. सुरुवातीला मधल्यांना मोकळं वाटलं. रेडिओ हवा तेवढा मोठा लावला, टॉवेल हवा तिथे टाकला. मग हळूहळू घर खायला उठलं. मीठ कुठल्या डब्यात आहे ते सापडेना, आणि सापडलं तरी ते सांगायला कुणी नव्हतं. रोज संध्याकाळी ते रिकाम्या खुर्चीकडे बघून ऑफिसातली हकीकत सुरू करत आणि अर्ध्यात थांबत. बायको परत हवी असेल तर भिंती रंगवा, इतका सरळ हिशेब होता. त्यांनी पेंटर गाठला.

आता इथे घरांचं जरा सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ही तीन भावंडं. थोरले, मधले आणि धाकटी. वडिलांनी गल्लीतल्या जागेचे तीन तुकडे करून दिले आणि तिघांनी एकाच गवंड्याकडून एकाच नकाशावर तीन घरं बांधली. गल्लीत शिरताना पहिलं थोरल्यांचं, मग धाकटीचं, आणि टोकाला मधल्यांचं. जन्मानं मधला, पण गल्लीत शेवटचा, हे शल्य होतंच. त्यात आई गेली. माई म्हणायचे तिला. तिघांनीही एकमेकांना न विचारता आपापल्या फाटकावर पाटी लावली: 'माई'. तिघांचंही म्हणणं एकच, की हे मला आधी सुचलं आणि माईचा खरा जीव माझ्यावर होता.

झालं. तेव्हापासून तिन्ही घरांत विस्तव जात नव्हता. कुरिअरवाल्यानं चुकीच्या दारात पुडकं टाकलं, तर ते पायानं हळूच शेजारच्या फाटकापर्यंत सरकवलं जाई, तोंडातून शब्द निघत नसे. बाकी माईचं वळण मात्र तिघांनी इमानानं जपलं होतं. बैठकीत माईचा तोच फोटो, दाराशी तीच मोठी मातीची कुंडी आणि घराची चावी त्या कुंडीखाली. चोर सोडून सगळ्या गावाला ते ठाऊक होतं.

मधल्यांनी पेंटरला फोनवर स्वच्छ सांगितलं.

"गल्लीत शिरलास की 'माई' नावाचं घर. चावी कुंडीखाली. आत आईचा फोटो आहे, तो जपून उतरव. आतून-बाहेरून फिका पिस्ता रंग. मी आठवडाभर दौऱ्यावर चाललोय. आलो की घर तयार पाहिजे."

"घर नंबर, काका?"

"नंबर कशाला? 'माई' म्हटल्यावर माणूस चुकेल का?"

आता गल्लीत आणखी दोन माई आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं का? होतं. पण त्या पाट्या त्यांनी कधी मान्यच केल्या नव्हत्या. तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं, की माणसाला खरंच दिसेनासं होतं.

दौऱ्यावर असताना पेंटरचे फोन येत होते.

"काका, चावी मिळाली. आईंचा फोटो उतरवलाय."

"शाबास."

"माळ्यावर बरण्या फार आहेत हो."

"आमच्या हिच्या असतील. एकीला धक्का लागला तर तुझी खैर नाही आणि माझीही."

"आणि हार्मोनियम कुठे ठेवू?"

मधले क्षणभर थबकले. आपल्याकडे हार्मोनियम कुठून आली? पण समोर एक दुकानदार काट्याखाली काहीतरी सरकवत होता. "ठेव कुठेही, कापड टाक वर," म्हणून त्यांनी फोन ठेवला. बायकोनं घेतली असेल, आपल्याला घरातलं काय माहीत असतं, असं त्यांना वाटलं. ते मात्र खरं होतं.

आठवड्यानं ते परतले. गल्लीच्या तोंडाशीच थोरल्यांचं घर फिक्या पिस्ता रंगात झळकत होतं आणि आपला पेंटर शिडीवरून फाटकाला शेवटचा हात मारत होता. मधल्यांनी मान उंच करून गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. त्यांचं घर होतं तसंच, अंगभर पोपडे मिरवत उभं होतं.

"अरे, हे काय केलंस?"

"माई. चावी कुंडीखाली. फोटो. पिस्ता. तुम्ही सांगितलं तसंच."

"हे माझं घर नाही रे बाबा."

पेंटरनं पाटी वाचली, मग मधल्यांचं तोंड वाचलं, आणि शिडीवरच बसून घेतलं. तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. महिनाभर मुलाकडे राहून थोरले आणि थोरल्या वहिनी परत आले होते. मधल्यांना वाटलं, आता पोलीसच येणार. दुसऱ्याचं कुलूप उघडून आत शिरायचं आणि भिंतींना रंग फासायचा, याला कुठलं कलम लागतं तेही त्यांना आठवेना.

थोरले उतरले. घराकडे बघत राहिले. मग शिडी, डबे आणि मधोमध चोरासारखा उभा असलेला भाऊ, असं सगळं त्यांनी नीट पाहून घेतलं.

"मधल्या, तू केलंस हे?"

"दादा, त्याचं असं झालं..."

"काही बोलू नकोस. मी थोरला. मी आधी यायला हवं होतं तुझ्या दारात. तू असा आलास." आणि थोरल्यांनी त्यांना मिठीत घेतलं. किती वर्षांनी ते कुणालाच मोजावंसं वाटलं नाही. वहिनी पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या. मधल्यांच्या जिभेवर आलेली खरी गोष्ट तिथेच विरघळली. सांगितली असती तर मिठी सुटली असती, आणि खरं सांगायचं तर त्यांना ती सुटायला नको होती.

काकू रुसून बहिणीकडे गेल्यात, एवढं मात्र त्यांनी सांगितलं. वहिनींनी घरात पाऊल टाकायच्या आधी काकूंना फोन लावला.

"अगं, देवमाणूस आहे तुझा नवरा. आमचं घर रंगवून दिलं त्यानं. तू कशाला रुसून बसलीस? रविवारी ये बघू."

काकूंनी लगेच नवऱ्याला फोन केला.

"त्यांचं घर रंगवलंत म्हणे?"

"हो. म्हणजे झालं ते."

"आणि आपलं?"

"तू ये तर खरी," मधले म्हणाले. यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि खरंही फारसं नव्हतं.

रविवारच्या आत घर रंगायलाच हवं होतं. त्यांनी पेंटरला दुसऱ्याच दिवशी बोलावलं, तर तो म्हणाला, "जमणार नाही काका, तुमच्या थोरल्या भावानं काम दिलंय. तुम्हाला सांगू नको म्हणालेत." मधल्यांच्या जिवात जीव आला. दादा परतफेड करणार, आपलंच घर गुपचूप रंगवणार, हे न कळायला ते काही दूधखुळे नव्हते. ते मुद्दाम ऑफिसात उशिरापर्यंत बसायला लागले, म्हणजे दादाला रान मोकळं मिळावं. येता-जाता भिंतींकडे बघायचंही टाळत होते, गंमत जायला नको म्हणून.

थोरल्यांनीही पेंटरला स्वच्छ सांगितलं होतं. हे वळण घराण्यातच होतं. "माझ्या भावंडाचं घर आहे, पुढचं माई. रंग हाच." पुढचं म्हणजे पेंटर पुढच्या फाटकात शिरला. धाकटीनं दार उघडलं.

"तुमच्या भावानं पाठवलंय. घर रंगवायचंय."

धाकटी एकटी राहायची. शाळेत गणित शिकवायची आणि सहसा कुणासमोर रडायची नाही. ती म्हणाली, "कुठल्या भावानं?"

पेंटर आता शहाणा झाला होता. "दोघंही आहेत यात," तो म्हणाला. धाकटीनं त्याला आत घेतलं, स्टूल दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

रविवारी सकाळी मधल्यांनी डोळे मिटून, मनाची तयारी करून फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि वळून पाहिलं. पोपडे जागच्या जागी होते. शेजारी धाकटीचं घर मात्र पिस्ता झालं होतं. ते तिथेच फाटकाला धरून उभे असताना एका बाजूनं धाकटी आली, दुसऱ्या बाजूनं थोरले आणि वहिनी. धाकटी दोघांच्या गळ्यात पडली. गुपित फुटू नये म्हणून इतके दिवस घराबाहेर न पडलेल्या थोरल्यांनी धाकटीच्या घराकडे पाहिलं, मधल्यांच्या घराकडे पाहिलं, आणि काय झालंय ते त्यांच्याही लक्षात आलं. दोन भावांची नजरानजर झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे दोघांनाही एकदमच सुचलं.

आणि काकूंची टॅक्सी येऊन थांबली.

"वहिनी, बघ ग तुझा नवरा," धाकटी म्हणाली. "आधी दादाचं घर केलं, मग माझं. स्वतःचं शेवटी ठेवलं."

काकूंनी बॅग खाली ठेवली. एक झळकतं घर पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि मग आपलं पाहिलं. सगळ्यांना आत घेऊन चहा टाकला. मग साखरेचा डबा दाखवा म्हणून नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं, जो डबा त्यांना जन्मात सापडला नसता.

"पेंटर चुकला ना?" त्या हळूच म्हणाल्या.

"दोनदा," मधले म्हणाले. त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता, की काकूंना हसू आवरेना. तोंडात पदराचा बोळा कोंबून त्या ओट्याला टेकून हसल्या. बाहेरून थोरल्यांचा आणि धाकटीचा एकत्र आवाज येत होता. पाट्या लागल्यापासून तो त्या घरात आलाच नव्हता.

"राहू देत," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मी राहते. पण येत्या आठवड्यात भिंती झाल्या नाहीत, तर तुम्ही बहिणीकडे जायचं. माझ्या."

पेंटरला बोलावणं गेलं, तर त्यानं हात जोडले. "आधी पाट्या बदला, मग मी ब्रश उचलतो. माझं नाव खराब होतंय." बोलणं रास्त होतं. मग नवीनच भांडण लागलं. थोरले म्हणाले, माई हे नाव मधल्याकडे राहू दे, मी बदलतो. मधले म्हणाले, छे, ते दादाकडेच शोभतं. धाकटी म्हणाली, तुम्ही दोघं ठेवा, मी काढते. ज्या नावासाठी वर्षानुवर्षं तोंडं बघितली नाहीत, तेच आता एकमेकांच्या फाटकावर ढकलत होते. शेवटी चिडून तिघंही आपापल्या घरी गेले आणि 'त्यांना ठेवू दे, मी मोठेपणा घेतो' म्हणून प्रत्येकानं गुपचूप नवी पाटी करायला टाकली.

दोन दिवसांनी, पाट्या बदलतोय असा निरोप मिळाल्यावर पेंटर शिडी आणि डबे घेऊन गल्लीत शिरला आणि पहिल्या फाटकाशी थबकला. पाटीवर वडिलांचं नाव होतं: 'आबा'. तो पुढे गेला. 'आबा'. टोकाला मधले स्वतःच्या हातानं खिळा ठोकत होते. 'आबा'.

पेंटरनं शिडी पुन्हा खांद्यावर टाकली आणि तो परत फिरला. काकूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तशाच धावत गेल्या आणि त्याच्या शिडीचं मागचं टोक पकडलं.

"पाटी वाचू नकोस बाबा. पाट्यांना काही अर्थ नाही. हे पोपडे निघालेलं घर दिसतंय ना? ते आमचं. डोळे मिटूनसुद्धा चुकायचं नाही."

पेंटरनं पोपड्यांकडे पाहिलं. त्याला पटलं. त्यानं शिडी भिंतीला लावली, पिस्ता रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि मग तो तसाच हवेत धरून वळला.

"काकू, आणि रंगवून झाल्यावर ओळखायचं कसं?"