सुदामभाऊंची कानस

आमच्या शेजारचे सुदामभाऊ खिशात पेन ठेवत नाहीत, कानस ठेवतात. समोर काही चकाकलं की धातू टणक की नरम हे बघायला ती बाहेर येते. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढायच्या नव्याकोऱ्या डावावर ती घासली आणि भर मांडवात निकाल दिला, "हे तं लोणी आहे लोणी!" माझ्या स्कूटरवरही त्यांच्या अभिप्रायाची लांब रेघ आहे. मी चिडलो तर म्हणाले, "काहून तापता गुर्जी? आजच समजलं, बरं नाही झालं काय?"

मालेगावात बसस्टँडमागे त्यांचा कारखाना आहे. म्हणजे पत्र्याची शेड, एक टाकी, एक भट्टी. पंपाच्या झिजलेल्या दांड्यांवर टाकीत निकेलच्या मिश्रधातूचा मुलामा चढतो, मग ते भट्टीत शेकतात. "एक घंटा शेकला तं मुलामा टणक. चार घंटे ठेवला तं नरम. लोकाइले वाटते, जास्त आग म्हणजे जास्त काम!" मेडशीचा एक शेतकरी तुरीला पाणी द्यायचंय म्हणून हात जोडत होता, तरी नरम निघालेला दांडा भाऊंनी त्याला दिला नाही. मालाबद्दल खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा बाणा. त्यापायी गावानं त्यांना जेवायला बोलावणं जवळपास सोडलं आहे.

अशा माणसानं भट्टीजवळ बसवलंय कोणाला, तर पन्नाशेठना. हे त्यांचे जुने भागीदार. हल्ली शेठना सकाळी जेवल्याचं दुपारी आठवत नाही. त्यांना आता घरी बसवा, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "तुमी शाळा सांभाळा," भाऊ म्हणाले.

गेल्या मंगळवारी मी शेडमध्येच होतो. अकराला भट्टीत गेलेला दांडा शेठनी चार वाजता बाहेर काढला. निवल्यावर भाऊंनी कानस ओढली. ती रुतली, मुलाम्याचा भुगा खाली पडला. आता शेठची काही धडगत नाही, असं मला वाटलं.

"कसा झाला रे सुदाम?" शेठनी विचारलं.

भाऊंनी अंगठ्यानं भुगा पुसला. "अव्वल, शेठ. तुमच्यासारखा शेकणारा जिल्ह्यात नाही."

शेठ खुशीत घरी गेले. भाऊंनी दांडा फडक्यात गुंडाळला.

"गिऱ्हाइकाचा नाही हा. तो माल मी सकाळीच शेकतो. हा एकच दांडा रोज खरवडतो, रोज मुलामा देतो."

"कायले भाऊ?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "भट्टीपाशी बसले का माझं नाव आठवते त्याइले. घरी भेटाले गेलो तं इचारतेत, तुमी कोन?"