चूक माझी, नाव ब्रिगेडियरांचं

ब्रिगेडियर दळवींनी मला फसवलं. तेही सगळ्या बिल्डिंगसमोर, कडक इस्त्रीचा शर्ट घालून.

निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी मुलुंडची आमची पाच मजली बिल्डिंग ते आघाडीवरच्या छावणीसारखी चालवतात. गणपतीच्या आरतीची वेळसुद्धा 'एकोणीस तीस' सांगतात. टाकी गळते म्हटलं की सत्तरीतला हा माणूस स्वतः शिडी चढतो. "आधी पायांनी बघायचं, मग तोंडाने बोलायचं!"

मे महिन्यात पाइपलाइन फुटली. नळ कोरडे. ब्रिगेडियरांनी पार्किंगमध्ये सगळ्यांना बोलावलं, प्रत्येकाचं रडगाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि दोन वाक्यांत हुकूम दिला. ज्याला जिने जास्त, त्याला पाणी आधी. ब्रिगेडियरांची बादली सर्वांत शेवटी. टँकर आणायचं काम माझ्याकडे. डोक्यावरून लाद्या वाहून मी टाइल्सचं दुकान उभं केलंय, घासाघिशीत माझा हात कोणी धरत नाही. तरी त्यांनी मला बजावलं, "सुर्वे, ड्रायव्हरशी वाद नको. आधी पाणी उतरवा."

दुसऱ्या दिवशी टँकर तासभर उशिरा आला. वर ड्रायव्हरचीच मिजास. माझं डोकं फिरलं. "ने परत!" म्हणालो आणि पाठ फिरवली. धंद्यात पाठ फिरवली की समोरचा हाक मारतो. ह्याने मारली नाही. टँकर घेऊन सरळ निघून गेला.

मागे रिकाम्या बादल्यांची रांग. पाचव्या मजल्यावरच्या कांबळेकाकूंचे यजमान ऑपरेशन होऊन कालच घरी आलेले. त्या रडकुंडीला आल्या. "अहो, ह्यांना प्यायला तरी?"

"कोणी घालवला रे टँकर?" कोणीतरी ओरडलं.

मी तोंड उघडणार, तोच ब्रिगेडियर म्हणाले, "मी. हुकूम माझा होता."

"साहेब, युद्ध राहू द्या, एक टँकर सांभाळता येत नाही तुम्हाला!"

त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मग शेजारच्या सोसायटीत जाऊन हात जोडून पाणी मागितलं आणि पहिली कळशी कांबळ्यांकडे स्वतः चढवली. मला त्या क्षणी वाटलं, हा माझ्या बिल्डिंगचा माणूस!

तरी दुपारी त्यांच्या घरी जाऊन तडकलोच. "खोटं का बोललात? माझी चूक निस्तरायला मी खंबीर आहे."

ते चष्मा पुसत राहिले. "लढाईत माझ्या एका कॅप्टनची चूक झाली होती. मी चारचौघांत त्याचं नाव घेतलं. खरं तेच बोललो. पण त्यानंतर तो कधी पुढे झाला नाही, आणि लढाई तर बाकी होती." चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "दर दिवाळीला मी फोन करतो त्याला. तो 'जय हिंद, सर' म्हणतो आणि फोन ठेवून देतो." मग एकदम आवाज चढवून, "उद्याचा टँकर तुम्हीच आणायचा!"

आणला. तोंड शिवून आणला.

रविवारच्या सभेत मी सांगणारच आहे, टँकर मी घालवला. ब्रिगेडियरांनी माझ्या परवानगीशिवाय माझी चूक का उचलली, याचं उत्तर त्यांनी सर्वांसमोर द्यावं. आणि तो कॅप्टन जिथे असेल तिथून त्यानेही द्यावं. या माणसाशी दिवाळीला दोन वाक्यं जास्त बोलायला तुझं काय जातं रे?