पावणं कुणाचं?

स्वप्नाली चौगलेचा धंद्यातला हा पहिलाच दिवस होता. इतिहासात एम.ए. झाल्यावर नोकरी शोधत बसण्यापेक्षा आपलं कोल्हापूर लोकांना नीट दाखवावं, असं तिनं ठरवलं होतं. नागपूरच्या खानझोडे नवरा-बायकोनं दिवसभराची खासगी सहल ठरवली होती. गाडी तिचे वडील केरबा चालवणार होते.

"गल्लीत समद्यास्नी सांगितलंय," ते म्हणाले. "आज इज्जतीचा सवाल हाय."

एसटी स्टँडच्या दारात आपली पांढरी गाडी लावून स्वप्नाली पाण्याच्या बाटल्या आणायला गेली. ती परत येईपर्यंत केरबांनी पाहुणे गाडीत बसवलेसुद्धा.

"कोण हाईत ते विचारलं का, आबा?"

"इचारलं की. म्हटलं, पावणं का? ते म्हटलं, व्हय."

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरणारा प्रत्येक माणूस पावणंच असतो, हे त्या घडीला दोघांच्याही लक्षात आलं नाही. मागच्या सीटवर पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ, इरकल नेसलेल्या बाई आणि कडक इस्त्रीच्या शर्टात घामाघूम झालेला एक तरुण असे तिघं बसले होते. मुलगाही आलेला दिसतोय, असं म्हणून स्वप्नाली खूशच झाली.

वास्तविक ते निपाणीचे रुद्रय्या, त्यांच्या पत्नी अक्काताई आणि मुलगा अमरेश होते. कसबा बावड्याच्या बसगोंडा पाटलांची मुलगी सुष्मिता बघायला ते आले होते, आणि 'स्टँडवर पांढरी गाडी पाठवतो' असा पाटलांचा निरोप होता.

"नमस्कार! आज दिवसभर मी तुमच्यासोबत आहे," स्वप्नाली वळून म्हणाली. "काय विचारायचं ते मोकळेपणानं विचारा."

अक्काताईंनी नवऱ्याला कोपर मारलं. मुलगी स्वतःच न्यायला आली होती!

"अव्वा, फोटोत येगळी दिसत होती," अमरेश आईच्या कानात कुजबुजला.

"फोटोत कोण खरं दिसतंय बा?"

अंबाबाईच्या देवळात स्वप्नाली दगडातली एकेक नक्षी दाखवत भरभरून बोलली. रुद्रय्या माना डोलवत राहिले. भवानी मंडपात मात्र अक्काताईंनी मुद्द्याला हात घातला.

"आजपतोर बघायला किती जण येऊन गेलं?"

"सुट्टीत विचारूच नका! दिवाळीला तर पाय ठेवायला जागा नसते."

अक्काताईंचा चेहरा उतरला. "आणि कुणालाच पसंत पडत न्हाय व्हय?"

"पडतं की! एकदा आलेला माणूस परत येतोच. येताना चार मित्रांनाही घेऊन येतो."

रुद्रय्यांनी अमरेशकडे बघितलं. अमरेशनं चपलेकडे.

खासबाग मैदानाशी पोचल्यावर केरबांनी त्यात भर घातली. "दुपारी तांबडा-पांढरा सांगून ठिवलाय. मटण पोरीनं सोता निवडलंय."

"शिव शिव!" रुद्रय्या जागच्या जागी थांबले. "तुमच्यात मटण चालतंय?"

"सोमवार सोडून कवाबी चालतंय!"

तेवढ्यात स्वप्नालीचा फोन वाजला. पलीकडे खानझोडे होते.

"मॅडम, स्टँडवर तुमची पांढरी गाडी दिसली, तिच्यात बसून आलो. तुमचा हा घरगुती पाहुणचार एकदम बढिया आहे बरं! पोहे झाले, शिरा झाला, आता एक मुलगी साडी नेसून चहा घेऊन आली. पण हे लोक आमच्या पोराचा पगार विचारून राह्यले. त्याची आठवीची परीक्षा आहे म्हणून आला नाही, असं सांगितलं, तर सगळे गप्पच झाले. काही चुकलं का आमचं?"

स्वप्नालीनं फोन ठेवला आणि हळूच विचारलं, "काका, तुम्ही कुणाकडं आलाय?"

रुद्रय्यांनी सांगितलं.

"मी इचारलं हुतं, पावणं का म्हणून," केरबा पुटपुटले.

स्वप्नालीच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिलंच गिऱ्हाईक दुसऱ्याच्या घरी बसलं होतं, आणि दुसऱ्याचे पाहुणे तिनं उन्हातून हिंडवले होते. "माफ करा. आत्ता बावड्याला सोडते तुम्हाला."

अक्काताई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "रडतीस कशाला, पोरी? इतकी वर्सं कोल्हापूरला येतीया. पाया पडायचं, साड्या घ्यायच्या, घर गाठायचं. देवळात मान वर करून आज पहिल्यांदाच बघितलं!"

बावड्यात बसगोंडा पाटील कपाळाला हात लावून बसले होते. होणारा जावई आठवीत नाही, हे कळल्यावर त्यांनी अमरेशला जी मिठी मारली, ती बघून खानझोडेबाईंनाही भरून आलं. पुन्हा पोहे झाले. मग खानझोडे म्हणाले, "आमचा नवा राजवाडा बघायचा राहिला ना. सगळेच चला."

"इथनं हाकेवर हाय तो," पाटील ओशाळून म्हणाले. "जल्म गेला रस्त्यानं जाण्यात. आत कवा पाय ठिवला न्हाय."

मग सगळेच निघाले. राजवाड्यातल्या संग्रहालयात तलवारी, शिकारीची जनावरं, जुने फोटो दाखवताना स्वप्नालीचा आवाज पुन्हा खुलला. पाटील तर मधेच पुढं होऊन खानझोडेंना सांगायला लागले, "ह्ये समदं आमचं हं!" पोरगी बरं बोलतीया, असं केरबा प्रत्येक दालनात कुणा ना कुणाला सांगत होते, आणि कुणी विचारलं नाही तरी ती आपली मुलगी असल्याचंही सांगत होते.

बाहेर आल्यावर स्वप्नालीनं माणसं मोजली. अमरेश आणि सुष्मिता नव्हते. एका दिवसात दुसऱ्यांदा माणसं हरवली! ती धावतच आवारात शोधायला गेली.

दोघं तळ्याकाठी झाडाखाली बसले होते. अमरेश हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि सुष्मिता पोट धरून हसत होती. स्वप्नालीनं हाक मारायला तोंड उघडलं, तोच मागून येऊन अक्काताईंनी तिचं मनगट धरलं.

"हाक मारू नगंस," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांचं बघून व्हायचंय आजून."