कवडूजींची बिनमोटारीची सडक

मला सायकल शिकवली ती कवडूजींनी. हे आधीच लिहून टाकते. पुढे जे सांगणार आहे त्यात हसण्यासारखं बरंच आहे, आणि हसता हसता वाचणाऱ्याने एवढं विसरू नये की माझी नोकरी, आणि त्या नोकरीवर चालणारं आईचं घर, हे सगळं त्या माणसामुळे आहे.

तर कवडूजी मोटार आली की सायकलवरून उतरत. नुसते उतरत नसत. सायकल सडकेच्या खाली घेत, सडकेकडे पाठ करत, एक हात मागच्या कॅरियरवर ठेवत आणि धुरळा बसेपर्यंत खांबासारखे उभे राहत. मोटार साहेबाची असो की कोळशाची, मान सारखाच. गल्लीतली पोरं मागून तोंडाने "पोंऽऽ" करत, तरी ते उतरत. पोरंच होती हे कळल्यावरही धुरळा बसायला लागतो तेवढा वेळ ते उभे राहत.

नागपूरच्या सदर भागात ते विणलेलं कापड पोचवायला जात; इतवारीपलीकडच्या आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीतून सदर सरळ वाटेने तीन मैल. कवडूजींच्या वाटेने आठ. तलावाची पाळ, रुळांच्या कडेची पायवाट, धोबीघाट, आणि शेवटी एका वकिलाचं परस. वकिलाला वाटे, हे आपल्या गड्याकडे येतात. गड्याला वाटे, वकिलाकडे येतात. अशी सहा वर्षं गेली.

"डांबरी सडक म्हणजे उभा धागा, बेटा," ते मला सांगत. घरी हातमाग होता, तेव्हा उपमाही मागावरचीच. "नुसत्या उभ्या धाग्यानं कापड होते का? आडव्या वाटा भरल्या का मंग मुलूख विणला जाते."

मी रत्नागिरीकडची. वडील गेले तेव्हा सहावीत होते. पाटी ठेवली ती ठेवलीच. ओळखीच्या एका बाईंच्या शब्दावर सुईणीचं शिक्षण घ्यायला इतक्या लांब नागपूरला आले. केंद्राच्या मुख्य बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "खेडी लांब लांब आहेत आणि बाळंतीण कुणासाठी थांबत नाही. दोन महिन्यांत सायकल आली नाही तर तुम्हाला गाडीत बसवून देणार." केंद्राने एक सायकलही हाती दिली. आमच्या गावात सायकल एकच, पोस्टमनची, आणि चढावर तोच तिला खांद्यावर घेई. मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या घरमालकीण गंगाबाई समोरच्या दारात जाऊन ओरडल्या, "कवडूजी, या पोरीले सायकल शिकवा जी! नाही तं रडून रडून माह्या घरात ओल आणून राहिली!"

कवडूजींनी माग थांबवला आणि आले. पहिल्या दिवशी मी त्यांच्या कॅरियरवर बसायला गेले, तर म्हणाले, "तिथं नको. आपलं हँडल आपल्या हाती पाह्यजे."

लढाईत ते फौजेबरोबर स्वयंपाकी म्हणून इटलीला गेले होते. लढाई संपली, परतीचं जहाज लवकर मिळेना, तेव्हा कुणीतरी टाकून दिलेली सायकल घेऊन ते डोंगरांत हिंडले. ते दिवस त्यांनी मला इतक्यांदा सांगितले की त्या वाटांवर मला आता रस्ता विचारावा लागणार नाही.

"पूल सारे उडवून टाकले होते. मोटर जाईन कशी? सडक निरी मोकळी! दोहीकडून टेकड्या, अन् टेकडीवर द्राक्षाचे वेल, मागावरच्या सुतावानी रांगेत. नदी एवढी खोल का पाणी आज दिसे अन् आवाज उद्या येई."

"अन् दारू?" गंगाबाई मुद्दाम विचारत.

"एका म्हाताऱ्यानं लोटा भरून आणली. म्या गळ्यातली माळ दाखवली का बाबा, आम्ही माळकरी. त्याले वाटलं, मी माळ गहाण ठेवून राहिलो. म्हणे, नको नको, फुकट घे!"

अशा मुलखाची चटक लागलेला माणूस नागपुरात कितीसा रमणार? मागाला सुट्टी असली की ते उत्तरेकडे सुटत. मनसरच्या पुढे सडक सोडून पेंच नदीच्या दरीकडे. मनसरला गंगाबाईंचं माहेर होतं, म्हणून चैतात एकदा त्या मलाही घेऊन गेल्या. आम्ही दोघी बसने गेलो, माझी सायकल टपावर. कवडूजी आडवाटांनी यायचे म्हणून आदल्या दिवशीच निघाले होते आणि तरी आमच्यानंतर पोचले.

सकाळी मी आणि कवडूजी जंगलात शिरलो. बैलगाडीच्या चाकोऱ्या, वाळलेली सागाची पानं, झाडांखाली मोहाची फुलं वेचणाऱ्या बाया. हवेला गोड आंबूस वास.

"तिथं द्राक्षं, इथं मोह," कवडूजी म्हणाले. "दोहीची दारूच होते. पण इथं पोलीस येते."

ते पुढे, मी मागे. चालवताना ते सारखे बोलत. गल्लीतही बोलत, जंगलातही. "दगड आला वं. घट्ट धर. आता चढ हाय. डाव्या हाताले पाह्य वं, नदी दिसली." मला वाटे, हे सायकलीशी बोलतात. आणि ते 'वं' म्हणजे इकडची बोलायची तऱ्हाच. गंगाबाईही माझ्याशी बोलताना लावत. मीही ठरवलं होतं, इथे राहायचं तर इथल्यासारखं बोलायचं.

दरीच्या तोंडाशी उतार लागला. खाली काळ्या खडकांत नदी अशी अरुंद शिरली होती की वरून पाण्याची नुसती चीर दिसे. माझा ब्रेक लागेना. घाबरून मी जिवाच्या आकांताने ओरडले, "कवडूजी, थांबा वंऽऽ!"

मोह वेचणाऱ्या बायांनी टोपल्या टाकून हसायला सुरुवात केली. मी झुडपात जाऊन पडले. कवडूजी मात्र हसले नाहीत. सायकल उभी करून ते मागे वळले होते. माझ्याकडे पाहत नव्हते. आपल्या कॅरियरकडे पाहत होते.

संध्याकाळी मनसरला ही गोष्ट ऐकून गंगाबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. "अवं येडी! माणसाले गा म्हणतात, बाईले वं. कवडूजीले बाई करून टाकलं तू!"

मीही हसले. आणि हसता हसताच विचारलं, "मग ते सायकलवर वं कोणाला म्हणतात? मला तर बेटा म्हणतात."

गंगाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"बायको होती त्याची. गिरजा. लढाईवरून आला, ही सायकल घेतली, अन् पह्यल्याच रविवारी तिले मागं बसवून कामठीकडे निघाला, कन्हान नदी दाखवाले. मागून मोटर आली. यानं सायकल सडकेखाली घेतली. घेतो म्हणून सांगतलं नाही तिले. ती पडली. निंबाखालच्या गोट्यावर डोकं आपटलं. मोटर निघून गेली वं. मोटरीचा काहीच गुन्हा नव्हता. तवापासून हा सारं सांगते तिले. दगड सांगते, चढ सांगते."

नागपूरला परतल्यावर पंधरा दिवसांनी सदरला केंद्रात माझी सायकलची परीक्षा झाली. मी ऐटीत निघाले. समोरून पहिली मोटार आली, आणि मी उतरले. सायकल खाली घेतली, सडकेकडे पाठ केली, एक हात कॅरियरवर ठेवला. मला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. मुख्य बाई आधी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "सोमवारी कामठीपर्यंत जाऊन यायचं. मी मागून मोटारीने येईन. उतरलात तर घरी जायचं."

कामठीची सडक. मी कवडूजींना काही बोलले नाही. कोणत्या तोंडाने बोलणार? पेटी भरायला घेतली. गंगाबाईंनीच जाऊन सांगितलं असणार, कारण रविवारी उजाडताच दारात सायकलची घंटी वाजली.

"चाल बेटा. कामठी."

"कवडूजी, तिकडे नको."

"काहून नको? मोटरीसंग चालवणं मले शिकवता येत नाही का?"

त्या दिवशी आम्ही डांबरावरून गेलो. ते मोटारींच्या बाजूने, मी कडेने. पहिला ट्रक आला तेव्हा त्यांची कानशिलं घामाने निथळत होती, पण पाय पॅडलवरून सुटले नाहीत. मला म्हणाले, "हँडल धर, समोर पाह्य." आणि मान किंचित मागे करून हळूच, "मोटर आली वं. मी खाली घेत नाही. बस तशीच." असं प्रत्येक मोटारीला. कन्हानच्या अलीकडे त्या जुन्या निंबाजवळ मागून बस आली. ते काहीतरी बोलले, ते मला हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही. बस गेली. आम्ही चालवतच राहिलो.

परतताना त्यांच्या तोंडून शब्द नाही. दगड आले, खड्डे आले, ते गप्प. शेवटी मीच विचारलं, "कवडूजी, आज काहून सांगत नाही?"

"कोणाले सांगू, बेटा?" ते म्हणाले. "उतरली ती."

सोमवारी मी कामठीला जाऊन आले. मागून बाईंची मोटार होती. उतरले नाही. शिक्षण पुरं झाल्यावर या खेड्यात, जिथून हे लिहिते आहे, नेमणूक झाली, आणि या वर्षात दोनदा अशा वेळी पोचले की पायी गेले असते तर बाळंतीण वाचली नसती.

गंगाबाईंचं पत्र येतं, शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेलं. कवडूजी सायकलला हात लावत नाहीत. सदरला पायी जातात, डांबरी सडकेने, सरळ, आणि मोटार आली तरी वळून पाहत नाहीत. मनसरकडे गेलेच नाहीत. गल्ली म्हणते, कवडूजी सुधारले. गंगाबाईंनी शेवटी लिहवलं आहे, 'आता कोणाशीच बोलत नाही वं तो.'

माझी नोकरी राहावी म्हणून त्यांनी इतकी वर्षं सांभाळलेली सोबत त्या सडकेवर सोडली. असलं ऋण कसं फेडतात ते मला माहीत नाही, सहावीपर्यंतच्या शाळेत ते आलं नव्हतं. पण रजा मिळाली की नागपूरला जाणार आहे. त्यांच्या मागाशेजारी बसेन, आणि इथल्या वाटांवरचा एकेक दगड, एकेक चढ त्यांना सांगेन. ते ऐकोत न ऐकोत. एका रजेत होणार नाही. दर रजेला जाईन. कधी ना कधी फेडीन.